किल्ल्याशेजारचे अंतराळयान

वाचकहो, दिवाळीच्या आधी आठवडाभर कोडोलीतल्या कुठल्याही गल्लीत शिरा. पोरांचे हात कोपरापर्यंत लाल मातीने माखलेले दिसतील. दगडविटांचा ढीग, त्यावर ओले गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप आणि त्यात पेरलेली मोहरी. चार दिवसांत हिरवे कोंब वर येतात आणि डोंगर तयार होतो. कोल्हापुरातल्या कुंभार गल्लीतून आणलेले मावळे पायऱ्यांवर उभे राहतात, महाराज सिंहासनावर बसतात, आणि एखादा वाघ उगाचच बुरुजावर चढून बसतो. हा किल्ला पुष्कळदा पन्हाळाच असतो. नसायला काय झालं? दक्षिणेला जोतिबाचा डोंगर, नैर्ऋत्येला पन्हाळा. मान वर केली की नमुना समोर हजर!

आता समजा, अशा एका किल्ल्याशेजारी एखाद्या पोराने पुठ्ठ्याचे, चार पायांचे, सोनेरी कागद लावलेले काहीतरी आणून ठेवले. आजी विचारणारच, "काय रं बाळा, ह्यो कुठला बुरूज म्हणायचा?" आणि नातू सांगणार, "बुरूज न्हाई आजी, चांद्रयान हाय!"

हे अगदीच काल्पनिक आहे असे समजू नका. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे 'विक्रम' हे अवतरणयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले, आणि त्यानंतर महिन्याभरात आलेल्या गणेशोत्सवात महाराष्ट्रात ठिकठिकाणी चांद्रयानाचे देखावे उभे राहिले. जे यान फारच थोड्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिले होते, ते पुठ्ठा, थर्मोकोल आणि मखराच्या कागदातून लाखोंनी पाहिले.

पण येथे एक अडचण आहे, आणि तिच्याविषयीच मला आज तुमच्याशी बोलायचे आहे. पन्हाळ्याची प्रतिकृती करणाऱ्या पोराला शंका आली, तर तो सायकल काढून तीन दरवाजा पाहून येऊ शकतो. अंतराळयानाची प्रतिकृती करणाऱ्याने काय पाहून यावे? त्याचा मूळ नमुना एक तर चंद्रावर पडलेला असतो, नाहीतर वातावरणात जळून गेलेला असतो.

पहिले प्रमाणाचे बोलू. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यात मावळा १० सेंटिमीटरांचा असतो आणि दरवाजा त्याहून बुटका. माणूस १७० सेंटिमीटरांचा धरला, तर हा मावळा १ : १७ या प्रमाणात झाला. त्याच प्रमाणात पन्हाळा करायचा म्हटले, तर तटाचा सुमारे ७ किलोमीटरांचा घेर ४०० मीटरांहून मोठा होईल; म्हणजे अख्खी गल्ली किल्ल्यातच जाईल! उलट १ : १००० प्रमाण धरले, तर घेर ७ मीटरांचा होईल खरा, पण मावळा पावणेदोन मिलिमीटरांचा, म्हणजे आपण गवतासाठी पेरतो त्या मोहरीच्या दाण्याएवढा होईल. म्हणून पोरे प्रमाण सोडून देतात आणि त्यांचे बरोबरच आहे. तो किल्ला मापाचा नसतो, भावाचा असतो.

अंतराळयानाच्या प्रतिकृतीला ही सवलत नाही. तेथे पाय आखूड झाला, की यान वेगळेच होते. आणि म्हणून या प्रतिकृतींचा इतिहास हा मापांचा, रंगांचा आणि त्यांतल्या चुकांचाही इतिहास आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. स्पुटनिक म्हणजे ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोग्रॅम वजनाचा, घासून चकचकीत केलेला धातूचा गोळा; त्याला मागे वळलेल्या चार मिशा. पुढच्या ४ जानेवारीला तो वातावरणात शिरून जळाला. जगातल्या संग्रहालयांतून जे स्पुटनिक टांगलेले आहेत, त्यांपैकी एकही अंतराळात जाऊन आलेला नाही.

त्याची प्रतिकृती मात्र घरात होऊ शकते. टेबलटेनिसचा चेंडू ४ सेंटिमीटरांचा असतो, म्हणजे प्रमाण १ : १४.५ झाले. मूळच्या मिशांची एक जोडी २.४ मीटर लांब होती, दुसरी २.९ मीटर. आपल्या प्रमाणात एक जोडी साडेसोळा सेंटिमीटरांची आणि दुसरी २० सेंटिमीटरांची. सायकलचे चार जुने आरे कापले की काम झाले. वर रुपेरी रंग द्या. गंमत अशी, की चेंडूपेक्षा मिशाच चार-पाच पट लांब दिसू लागतात आणि आपल्याला वाटते, काहीतरी चुकले! पण चुकलेले नसते. चित्रात मिशा छाटलेल्या पाहून आपला डोळा चुकीला सरावलेला असतो. मोजपट्टी हातात घेतल्याचा पहिला फायदा तो हा.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि इंग्लंडात प्लॅस्टिकचे सुटे भाग खोक्यात घालून विकायचा धंदा वाढला. त्याला किट म्हणतात. खोके उघडले, की प्लॅस्टिकच्या चौकटीला फांदीवरच्या फळांसारखे लटकलेले भाग दिसतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. आधी विमाने आणि जहाजे आली. अंतराळयाने आली तीही मोठ्या मजेशीर रीतीने. १९५९ साली मोनोग्राम या अमेरिकन कंपनीने विली ले या जर्मनीत जन्मलेल्या लेखकाच्या कल्पनेतील यानांचे किट बाजारात आणले. त्यांत प्रवासी रॉकेट होते, अवकाशात माणसांची ने-आण करणारी टॅक्सीही होती. त्या वेळी एकही माणूस अंतराळात गेलेला नव्हता! युरी गागारिन गेला तो १२ एप्रिल १९६१ रोजी. म्हणजे यानाच्या आधी प्रतिकृती जन्माला आली.

पुढे मर्क्युरी, जेमिनी, अपोलो ही खरी याने आली आणि त्यांचे किटही आले. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला त्या सुमारास एअरफिक्स, रेव्हेल, मोनोग्राम अशा कंपन्यांची सॅटर्न-५ रॉकेटे आणि चांद्रयाने दुकानांत मांडली गेली. प्रमाणे अशी : १ : १४४, १ : ९६, १ : ७२, १ : ४८. हे आकडे आपल्याला विचित्र वाटतात, पण त्यांचा उगम फूट-इंचात आहे. १ : १४४ म्हणजे १२ फुटांना एक इंच, १ : ९६ म्हणजे ८ फुटांना, १ : ७२ म्हणजे ६ फुटांना आणि १ : ४८ म्हणजे ४ फुटांना एक इंच. सॅटर्न-५ ची उंची ११० मीटरांहून थोडी अधिक होती. १ : १४४ मध्ये ते पाऊण मीटरांचे होते आणि कपाटावर मावते, १ : ९६ मध्ये ते सुमारे ११५ सेंटिमीटरांचे, म्हणजे शाळेत जाणाऱ्या पहिलीतल्या पोराएवढे.

आणि येथेच ती प्रसिद्ध चूक झाली.

सॅटर्न-५ पांढरे होते आणि त्यावर काळे पट्टे होते. हे पट्टे नक्षीसाठी नव्हते. उड्डाणानंतर रॉकेट स्वतःभोवती किती फिरते, हे दूरच्या कॅमेऱ्यांना कळावे म्हणून ते काढलेले होते. आता किट बनवणाऱ्यांना नमुना हवा होता. २५ मे १९६६ रोजी फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रात पूर्ण आकाराचे एक सॅटर्न-५ प्रथम बाहेर आणले गेले. त्याचे नाव ५००-एफ. ते उडण्यासाठी नव्हतेच. उभारणीची इमारत, वाहून नेणारा प्रचंड गाडा, उड्डाणाचा ओटा हे सगळे एकमेकांशी बरोबर जुळते की नाही, हे पाहण्यासाठी केलेला तो पूर्ण मापाचा नमुना होता. त्याची छायाचित्रे जगभर गेली. त्याच्या पहिल्या टप्प्यात, इंधनाच्या दोन टाक्यांमधला भाग काळा रंगवलेला होता. फ्लोरिडाच्या उन्हात तो भाग फार तापतो असे आढळले, म्हणून उडणाऱ्या रॉकेटांवर तो पांढरा ठेवला गेला.

पण किट बनवणाऱ्यांनी ५००-एफ चेच रंग घेतले. म्हणजे झाले काय, की हजारो घरांत, अगदी मन लावून, लोकांनी प्रतिकृतीची प्रतिकृती केली. आणि त्यावर चंद्रावर गेलेल्या यानाचे नाव घातले!

चूक इतकी टिकली कशी, हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. उद्यमनगरात किंवा शिरोलीला ओतकाम पाहिलेले असेल, तर तुम्हाला ठाऊक आहे, की पॅटर्न करणारा सुतार लाकडी पॅटर्न ठरल्या मापापेक्षा किंचित मोठा करतो. कारण ओतीव लोखंड थंड होताना आकसते. पॅटर्न चुकला, की त्यावरून निघणारा प्रत्येक नग चुकतो. प्लॅस्टिकच्या किटचेही तसेच आहे. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. तो साचा फार महाग पडतो, म्हणून एकदा केलेला साचा वर्षानुवर्षे चालवतात. खोक्यावरचे चित्र नि रंगाचा कागदही पुष्कळदा तोच राहतो. बिचारा गिऱ्हाईक कागदात लिहिल्याप्रमाणे रंगवतो आणि चूक पुढच्या पिढीच्या हाती देतो. पुढे हौशी मंडळींनीच जुनी छायाचित्रे शोधली, पट्टे मोजले आणि एकमेकांना सांगितले, "थांबा, येथे काळा नको."

ही हकीकत परदेशची झाली. आपल्याकडे काय?

आपल्या अंतराळ कार्यक्रमाची सुरुवात २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा येथून उडालेल्या एका लहान रॉकेटाने झाली. थुंब्याची जागा निवडण्याच्या कामात विक्रम साराभाईंच्या बरोबर होते ते एकनाथ वसंत चिटणीस. १९२५ साली कोल्हापुरात जन्मलेले. तेव्हा या विषयाचे कोल्हापूरशी नाते अगदीच ओढूनताणून जोडलेले नाही, बरं का! पुढे बंगळूरजवळच्या पीण्या येथील शेडमध्ये उडुपी रामचंद्र राव यांच्या हाताखालच्या तरुण मंडळींनी आपला पहिला उपग्रह बांधला. १९ एप्रिल १९७५ रोजी रशियातील कापुस्तिन यार येथून आर्यभट अंतराळात गेला. वजन ३६० किलोग्रॅम, व्यास सुमारे १.४ मीटर, पृष्ठे सव्वीस. वरचे एक आणि खालचे एक सोडून बाकीच्या चोवीस पृष्ठांवर सौरघट बसवलेले. चार दिवसांनी विद्युतपुरवठ्यात बिघाड होऊन त्यावरचे शास्त्रीय प्रयोग थांबले. पण उपग्रह बांधायचा कसा, हे आपली माणसे शिकली. फेब्रुवारी १९९२ मध्ये तो वातावरणात शिरून नष्ट झाला.

हा आर्यभट आपल्यातल्या पुष्कळांच्या खिशात होता, हे आठवते का? त्यानंतर निघालेल्या दोन रुपयांच्या नोटेच्या पाठीवर त्याचेच चित्र होते. कोडोलीच्या बाजारात भाजीवाल्या मावशींच्या कनवटीला, उसाच्या फडातल्या मजुराच्या मुंडाशात आर्यभट फिरत होता. एखाद्या आजोबांच्या पेटीत ती नोट अजून सापडेल. तिच्यावरून उपग्रहाची घडण कळते, कोनही कळतात. रंग मात्र कळत नाही, कारण सगळी नोटच तांबूस! नोट पाहून कोणी तांबूस आर्यभट केला, तर तोही ५००-एफ च्याच वाटेने गेला. सौरघट गडद निळसर असतात.

पुठ्ठ्यातून १ : १० प्रमाणात आर्यभट केला, तर तो १४ सेंटिमीटरांचा होतो, मोठ्या संत्र्याहून थोडा मोठा. येथे मुलांना एक कोडे घालावे : मूळ यान ३६० किलोंचे, मग त्याच धातूचे, आतून-बाहेरून तसेच केलेले दहापट लहान यान किती वजनाचे होईल? बहुतेक जण म्हणतील, ३६ किलो. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहापट घटली, म्हणजे वजन हजारपट घटले. उत्तर ३६० ग्रॅम! आणि मूळचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा या प्रमाणात मिलिमीटराचा दहावा भाग, म्हणजे वहीच्या कागदाएवढा पातळ झाला पाहिजे. पुठ्ठा त्याहून कितीतरी जाड असतो, प्लॅस्टिकचे किटही जाड असतात. थोडक्यात, प्रत्येक प्रतिकृतीला कुठेतरी खोटे बोलावेच लागते. कुठे बोलतो आहोत, हे करणाऱ्याला ठाऊक असले म्हणजे पुरे.

आता रंगाकडे वळू. गणपतीच्या कारखान्यात तुम्ही पाहिलेच असेल : आधी घासकाम, मग अस्तर, मग अंगाचा रंग, मग सोवळे आणि दागिने, आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी. अंतराळयानाचीही हीच रीत. प्लॅस्टिकचे भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. चिकटवण्याआधी भाग कोरडेच जुळवून पाहायचे. सांधे बारीक पॉलिश पेपरने घासायचे. मग अस्तराचा एक पातळ हात. पांढरा रंग एका जाड हातात उरकू नये. पातळ हात तीन-चार द्यावेत आणि प्रत्येक वाळू द्यावा. पांढरा पुरता वाळला, की चिकटपट्टी लावून काळा द्यावा. आधी काळा आणि मग पांढरा केला, तर काळा आतून डोकावत राहतो. घाई हा या कामातला सर्वांत मोठा शत्रू!

सोनेरी रंगाविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. चांद्रयानाभोवती सोन्याचा पत्रा असतो, असा समज फार पसरलेला आहे. तसे नाही. तो पिवळसर, पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, आणि त्याच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा असतो. पिवळ्यातून रुपेरी दिसते, म्हणून डोळ्याला सोनेरी वाटते. असे अनेक पापुद्रे एकावर एक ठेवतात. का? आपल्याकडे जिला वाकळ म्हणतात, ती आठवा. एका जाड कापडापेक्षा जुन्या लुगड्यांचे पाच थर शिवलेली वाकळ जास्त ऊब धरते. यानाची ही वाकळ उन्हात उष्णता आत येऊ देत नाही आणि सावलीत आतली बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ब्रशने सोनेरी रंग फासला, की प्रतिकृती पितळी तांब्यासारखी दिसते. त्यापेक्षा मखराला लावतो तो पातळ सोनेरी कागद घ्यावा, मुठीत हलकेच चुरगळावा, पुन्हा उलगडावा आणि सैलसर चिकटवावा. खऱ्या यानावरचे आच्छादनही असेच सुरकुतलेले असते.

आता त्या कोडोलीच्या पोराच्या चांद्रयानाकडे परत येऊ. 'विक्रम'चे अंग सुमारे २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.१७ मीटर उंच. १ : १० मध्ये २० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे आणि १२ सेंटिमीटरांहून थोडे कमी उंचीचे खोके. 'प्रज्ञान' ही सहा चाकांची गाडी ९ सेंटिमीटर लांब. सगळे जमले. पण यान उलटे करून पाहा आणि त्या पोराला विचारा, "बाळ, खाली इंजिने किती लावलीस?"

हा प्रश्न साधा नाही. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे अवतरणयान उतरता उतरता चंद्रावर आदळले. त्याला पाच इंजिने होती. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. त्या अपयशाचा बारकाईने अभ्यास झाला. चांद्रयान-३ साठी मधले इंजिन काढून टाकले, पाय अधिक भक्कम केले, इंधन वाढवले, सौरपट्टे वाढवले आणि वेग मोजण्याचे एक नवे उपकरण बसवले. दोन्ही यानांचे नाव 'विक्रम'च, दुरून दिसायलाही सारखीच. पण खालची इंजिने मोजली, की एक हरलेले आणि दुसरे जिंकलेले, हे लगेच ओळखता येते.

मला विचाराल, तर मी म्हणेन, दोन्ही करावीत आणि शेजारी शेजारी ठेवावीत. पाच इंजिनांचे टाकून देऊ नये. हरलेल्या यानाची प्रतिकृती कोणी फारशी करत नाही. पण चार वर्षांत आपली माणसे काय शिकली, हे त्या दोन खोक्यांच्या तळाशी जितके स्पष्ट दिसते, तितके भाषणांतून दिसत नाही.

आता तर सोयही झाली आहे. इस्रोने आपल्या यानांच्या प्रतिकृती बनवण्याची परवानगी काही संस्थांना दिली आहे आणि त्यांत पुण्याची एक संस्था आहे. पण किट विकत आणा किंवा पुठ्ठा कापा, एवढे मात्र करा. यान ज्या पाटावर बसवाल, त्या पाटाखाली चार ओळी लिहून ठेवा. यान कोणते? कोणत्या दिवसाचे? प्रमाण किती? आणि कोणता भाग अंदाजाने केला आहे? ही चौथी ओळ लिहायला लाज वाटू देऊ नका. ५००-एफ चे रंग घेणाऱ्यांनी ती ओळ लिहिली असती, तर चूक पहिल्याच दिवशी उघड झाली असती.

दिवाळी संपली, की मातीचा किल्ला मोडतो. मोहरी वाळते, मावळे पुन्हा डब्यात जातात. त्याचे कोणाला फारसे वाईट वाटत नाही. पन्हाळा आहे तेथेच उभा असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहून किल्ला करता येतो. यानाचे उलट आहे. आर्यभट गेला, स्पुटनिक गेला. मागे राहते ती पाटावरची प्रतिकृती, आणि पुढच्या मुलांना पाहायला तेवढीच मिळते. म्हणून किल्ला हौसेने करा, पण त्याच्या शेजारचे यान मोजून करा.